कुंभकोणमहून इंटरनेटकडे पाहताना

जोडण्या किती झाल्या, हे मोजणे सोपे असते. त्या जोडण्यांमुळे माणसामाणसांतील नाते बदलले का, हे विचारणे अवघड असते. डिजिटल धोरणांचे यशापयश मात्र या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

श्रीनिवास रामानुजन यांची कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. कुंभकोणममधील एक गरीब मुलगा, साडीच्या दुकानात कारकुनी करणारे वडील, महाविद्यालयात गणित सोडून बाकी विषयांत नापास आणि त्यामुळे गेलेली शिष्यवृत्ती. आणि मग १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना धाडलेले ते पत्र. इंटरनेटच्या समर्थनार्थ होणाऱ्या भाषणांत या कथेचा हमखास उपयोग होतो. एका पत्राने एवढे घडले, तर प्रत्येक खेड्यात जलद जोडणी पोहोचल्यावर किती रामानुजन उजेडात येतील, असा तो युक्तिवाद असतो.

युक्तिवाद मोहक आहे, पण त्यात पत्र दिसते आणि पत्रामागचा समाज दिसत नाही. हार्डींच्या आधी केंब्रिजमधील दुसऱ्या दोन गणितज्ञांना रामानुजन यांनी लिहिले होते. तिकडून काही निष्पन्न झाले नाही. हार्डींना पत्र जाण्यापूर्वीच मद्रासमध्ये त्यांच्याभोवती माणसांचे एक जाळे तयार झालेले होते. १९०७ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे व्ही. रामस्वामी अय्यर, नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव आणि मद्रास पोर्ट ट्रस्टमधील वरिष्ठ नारायण अय्यर ही त्यांतली काही नावे. दरमहा तीस रुपयांची नोकरी, शिफारसपत्रे, इंग्रजीतील मसुदा सुधारून देणारे हात, हे सारे त्या जाळ्यातून आले. रामानुजन निर्धन होते, पण अक्षरओळख, इंग्रजी शाळा आणि सरकारी कचेरीतील ओळखीपाळखी ज्या समाजाला उपलब्ध होत्या, त्या समाजात ते जन्मले होते. त्याच काळी त्याच कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या शेतात राबणाऱ्या दलित मजुराच्या मुलाला टपालाचे तिकीट परवडले असते, तरी त्याचे पत्र कोणी उघडले असते का? टपालव्यवस्था सर्वांसाठी खुली होती. तिचा उपयोग करून घेण्याची शक्ती सर्वांजवळ सारखी नव्हती.

इंटरनेटचा समाजशास्त्रीय अभ्यास नेमका येथून सुरू होतो. यंत्र काय करू शकते, हा अभियंत्याचा प्रश्न. ते कोणाच्या हाती येते, कोणाच्या परवानगीने वापरले जाते, त्यातून कोणाचे वजन वाढते आणि कोणाचे घटते, हा समाजशास्त्राचा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारायला कुंभकोणमच्या परिसराइतकी योग्य भूमी दुसरी क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला हा प्रदेश अगदी परका नाही. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेली तंजावरची गादी १८५५ पर्यंत टिकली. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह आणि मोडी दफ्तरे, बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, आणि घरात आजही आपल्या वळणाची मराठी बोलणारी तंजावरी कुटुंबे या संबंधाची साक्ष देतात. मात्र आधुनिक भारतीय समाजशास्त्रात तंजावर जिल्ह्याला जे स्थान मिळाले, त्याचे कारण वेगळे आहे. कॅथलीन गॉफ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी येथील दोन गावांचा अभ्यास केला आणि पाव शतकाने, १९७६ मध्ये, त्या पुन्हा तेथे गेल्या. आंद्रे बेतेय यांनी १९६१-६२ मध्ये ज्या गावात मुक्काम केला, त्याला त्यांनी ‘श्रीपुरम’ हे टोपणनाव दिले. त्या अभ्यासातून १९६५ मध्ये ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ हा ग्रंथ निघाला.

बेतेय यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. एके काळी गावात जात, वर्ग आणि सत्ता ही तिन्ही एकाच मुठीत होती. अग्रहारात राहणारा ब्राह्मण जमीनमालक होता आणि गावावर त्याचाच शब्द चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मूठ सैल झाली. जमिनी विकून ब्राह्मण शहराकडे निघाले, पंचायतीची सूत्रे ब्राह्मणेतरांकडे गेली, आणि जातीची उतरंड, मालमत्तेची उतरंड व सत्तेची उतरंड एकमेकींपासून सुटू लागल्या. गावाच्या कडेच्या चेरीत राहणाऱ्या आदिद्रविडांच्या वाट्याला मात्र या सुटकेतून फारसे काही आले नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलितांना जाळून मारण्यात आले, आणि त्या संघर्षाच्या मुळाशी शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न होता, हे विसरून या खोऱ्याविषयी काही लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आता बेतेय यांचे तीन शब्द इंटरनेटला लावून पाहावेत: जात, वर्ग आणि सत्ता. नवे तंत्रज्ञान या तिन्हींना आणखी सुटे करते, की पुन्हा एका मुठीत आणते?

पहिले उत्तर कुंभकोणमजवळच्याच एका गावातून मिळते. ख्रिस फुलर आणि हरिप्रिया नरसिंहन या मानववंशशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तिप्पिराजपुरम या गावात, चेन्नईत आणि अमेरिकेत राहून ‘वात्तिम’ या तमिळ ब्राह्मण पोटजातीचा अभ्यास केला. त्यांच्या २००८ मधील एका निबंधाच्या शीर्षकातच सारा प्रवास सामावला आहे: जमीनदारांपासून सॉफ्टवेअर अभियंत्यांपर्यंत. पुढे २०१४ मध्ये ‘तमिळ ब्राह्मन्स’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कावेरीकाठची जमीन सोडलेल्या कुटुंबांनी शहरात घर केले, शिक्षणावर पैसा लावला आणि माहिती तंत्रज्ञानाचे दार उघडले तेव्हा ती कुटुंबे उंबरठ्यावरच उभी होती. जुन्या भांडवलाचे रूप पालटले, वारसा तोच राहिला. जमिनीऐवजी पदवी आली आणि खंडाऐवजी पगार आला.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मेहनत खरी होती आणि गुणवत्ताही खरी होती. समाजशास्त्र एवढेच निदर्शनास आणते की, गुणवत्ता घडायला पिढ्या लागतात आणि त्या पिढ्यांचा खर्च कोणी तरी केलेला असतो. अजंथा सुब्रमण्यन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या २०१९ मधील ग्रंथात आयआयटी मद्रासच्या संदर्भात हेच दाखविले आहे. जात जेथे उच्चारली जात नाही, तेथे ती गुणवत्तेच्या भाषेत बोलते. पुण्या-मुंबईतील आणि परदेशातील आपल्या मराठी अभियंत्यांच्या वसाहतींकडेही याच दृष्टीने कधी तरी पाहिले पाहिजे.

दुसरे उत्तर दैनंदिन वापराचे आहे. इंटरनेट माणसाला नात्यागोत्याच्या बंधनातून मोकळे करील, तो एकटा, स्वतंत्र नागरिक म्हणून जगाशी बोलेल, असे आरंभीच्या काळात मानले जात होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने डॅनियल मिलर यांच्या नेतृत्वाखाली जगाच्या वेगवेगळ्या भागांत नऊ मानववंशशास्त्रज्ञ पाठविले. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी पंधरा महिने राहून समाजमाध्यमांचा वापर पाहिला. त्यांतील भारताचा भाग श्रीराम वेंकटरामन यांच्याकडे होता. चेन्नईच्या वेशीवर, शेती मागे पडून माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिलेल्या परिसराला त्यांनी ‘पंचग्रामी’ असे नाव दिले. त्यांचे पुस्तक २०१७ मध्ये आले.

पंचग्रामीत त्यांना दिसले ते असे की, पडद्यावरही लोक आपले वय, लिंग, जात, वर्ग आणि नाते बरोबर घेऊनच वावरतात. अनोळखी व्यक्तीशी मैत्री झाली, तरी तिला लवकरच दादा, ताई, मामा अशा एखाद्या नात्याच्या चौकटीत बसविले जाते. घरातील थोर मंडळींना दिसावे असे एका ठिकाणी टाकले जाते, मित्रांपुरते दुसऱ्या ठिकाणी. आणि गरीब घरांतील अविवाहित मुलींच्या फोनवर बाप, भाऊ आणि शेजारपाजार यांची नजर असते. ज्या रस्त्यावर चकचकीत कार्यालयांत रात्रंदिवस संगणक चालतात, त्याच रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत एखाद्या तरुणीने स्वतःचा फोन बाळगावा की नाही, हा कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसतो.

येथे आपण धोरणाच्या गाभ्याशी येतो. फोन हे व्यक्तीचे साधन आहे, असे शासकीय यंत्रणा गृहीत धरते. अनेक घरांत ते घराचे साधन असते, आणि घराला कर्ता असतो. तमिळनाडूत चहाच्या दुकानात एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, ही जुनी रीत आहे. एक प्रत आणि अनेक वाचक यात कोणाला वावगे वाटले नाही. सामायिक वापर हा आपल्या समाजाचा स्वभावच आहे. पण वर्तमानपत्र कोणाची ओळख पटवीत नाही. फोनवर आलेला सहा आकडी संकेतांक ओळख पटवितो. साधन सामायिक आणि ओळख मात्र वैयक्तिक, अशी विसंगती निर्माण झाली की, ज्याच्या हाती साधन त्याच्या हाती दुसऱ्याची ओळख जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे या बाबतीत बोलके आहेत. इंटरनेट कधी तरी वापरले आहे, असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. तमिळनाडूत स्त्रिया सुमारे ४७ टक्के आणि पुरुष ७१ टक्के. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के आणि पुरुष सुमारे ६१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन तमिळनाडूत दर चार स्त्रियांपैकी तिघींजवळ होता. महाराष्ट्रात हे प्रमाण जेमतेम ५५ टक्के होते. त्यानंतरच्या वर्षांत हे आकडे वाढले असणार यात शंका नाही. पण प्रगत म्हणविणाऱ्या दोन्ही राज्यांत स्त्री-पुरुषांमधील अंतर वीस टक्क्यांहून अधिक होते, आणि तमिळनाडूची आघाडी त्या अंतराला पुसू शकली नव्हती.

या पार्श्वभूमीवर दोन शासकीय योजनांची रचना शेजारी ठेवून पाहावी. तमिळनाडूने मे २०२१ पासून साध्या नगरबसमध्ये स्त्रियांना विनामूल्य प्रवास दिला. कुंभकोणम हे राज्य परिवहन महामंडळाच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. तेथील बसमध्ये चढणाऱ्या मजूर बाईला अर्ज भरावा लागत नाही, ॲप उघडावे लागत नाही, कोणाचा क्रमांक सांगावा लागत नाही. ती चढते आणि वाहक तिला शून्य रकमेचे तिकीट देतो. महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ पासून दरमहा दीड हजार रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले. रक्कम मोलाची आहे आणि ती स्त्रीच्या नावावर जाते, हेही मोलाचे आहे. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाचीही पडताळणी आवश्यक ठरली. पती वा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित स्त्रियांची अडचण पुढे आल्यावर मुदत वाढवून त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

अपात्र लाभार्थी वगळण्याचा शासनाचा हेतू समजण्याजोगा आहे. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे, तर कुटुंबाची माहिती हवीच. तरीही या रचनेचा अर्थ पाहा. जी रक्कम स्त्रीला घरात चार पैशांचे स्वातंत्र्य देण्यासाठी आहे, ती चालू ठेवण्यासाठी घरातील पुरुषाच्या फोनवर येणारा संकेतांक तिला मागावा लागतो. नांदत्या घरात हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण नवऱ्याने टाकलेल्या, मात्र कागदोपत्री घटस्फोट न झालेल्या स्त्रीने तो संकेतांक कोणाकडे मागायचा? तिची अडचण संगणक प्रणालीतील दोष म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्षात, विवाहसंस्था कशी चालते याविषयीचे एक गृहीतक त्या प्रणालीत शिरलेले असते. प्रणाली लिहिणाऱ्यांच्या शेजारी एखादा समाजशास्त्रज्ञ, किंवा दारोदार फिरणारी एखादी अनुभवी अंगणवाडी सेविका बसली असती, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता.

तिसरे उत्तर सत्तेविषयीचे आहे, आणि ते बरेच आशादायक आहे. मूर्तिचोरीच्या खटल्यांसाठी कुंभकोणम येथे न्यायालय आहे आणि आसपासच्या मंदिरांतील मूर्ती सुरक्षित ठेवण्यासाठी शासनाचे मूर्तिसंग्रह केंद्रही आहे. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान या गावच्या चोळकालीन मंदिरातून नटराजाची कांस्यमूर्ती चोरीस गेली. मंदिर फारसे वापरात नव्हते, त्यामुळे चोरी बराच काळ कोणाच्या ध्यानातही आली नाही. ती मूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख डॉलरला विकत घेतली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे अनेक दशके टिपून ठेवली होती. त्या छायाचित्रांशी परदेशी संग्रहालयांच्या सूचीतील चित्रे ताडून पाहण्याचे काम पत्रकारांनी, अभ्यासकांनी आणि एस. विजय कुमार यांच्यासारख्या हौशी मूर्तिप्रेमींनी केले. ही मंडळी निरनिराळ्या देशांत होती आणि त्यांना जोडणारा धागा इंटरनेटचा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नटराज भारताच्या स्वाधीन केला. तस्करीच्या जाळ्याचा सूत्रधार सुभाष कपूर याला १ नोव्हेंबर २०२२ रोजी कुंभकोणमच्याच न्यायालयाने, उडैयारपाळैयम येथील मंदिरातील चोरीच्या दुसऱ्या एका खटल्यात, दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

येथे सामान्य माणसांच्या हातातील ज्ञानाने धनाढ्य संग्रहालयांना नमविले, हे खरे आहे. पण ते घडण्यासाठी काय काय लागले, हेही नोंदविले पाहिजे. कोणी तरी पन्नास वर्षे चिकाटीने छायाचित्रे काढून, त्यांवर गावाचे नाव लिहून ती जपली होती. पोलिसांचे मूर्तिविभाग होते, न्यायालय होते, दोन देशांमधील संबंध होते. इंटरनेटने या संस्थांना एकमेकींशी बोलते केले. त्यांची जागा घेतली नाही. ज्या गावाच्या मंदिराची कोणी नोंदच ठेवली नाही, त्या गावाच्या मूर्तीसाठी जगातील सर्वांत वेगवान जोडणीही निरुपयोगी आहे. तंजावरच्या मोडी कागदांनाही हेच लागू पडते. त्यांची छायाचित्रे जगभर पाठविता येतील. पण मोडी वाचणारी माणसे तयार केली नाहीत, तर जगभर पोहोचतील ती केवळ न वाचता येणारी चित्रे. आणि परत आलेली मूर्ती गावात न जाता केंद्राच्या कुलपात राहते, तेव्हा ती नेमकी कोणाला परत मिळाली, हा प्रश्नही उरतोच.

मग धोरणकर्त्यांनी करावे काय? पहिली गोष्ट मोजमापाची. २०११ च्या जनगणनेत घरात इंटरनेटसह संगणक आहे का, असे विचारले गेले, तेव्हा केवळ तीन टक्के घरांनी होय म्हटले होते. नव्या जनगणनेत हा आकडा कितीतरी पटींनी मोठा दिसेल आणि त्याचा गाजावाजाही होईल. पण घर जोडलेले असणे आणि घरातील सून जोडलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन कोणाच्या मालकीचा, तो कोणाच्या उशाशी असतो, रिचार्जचे पैसे कोण देते, संकेतांक कोण वाचते, हे प्रश्न लहान नमुना पाहण्यांतून नियमितपणे विचारता येतील. त्यांचा खर्च एखाद्या जाहिरात मोहिमेपेक्षा कमी असेल.

दुसरी गोष्ट, प्रत्येक डिजिटल सेवेला माणसाच्या हातून चालणारा एक पर्यायी मार्ग कायद्याने असावा. तो मेहेरबानी म्हणून नसावा. हक्क म्हणून असावा. पडताळणी अयशस्वी झाली, तर लाभ थांबविण्यापूर्वी दारावर जाऊन चौकशी करण्याची जबाबदारी शासनाची असावी, आणि ती करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला वा ग्रामसेवकाला त्या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. आज ही माणसे यंत्रणेतील फटी आपल्या कष्टाने बुजवितात आणि अहवालात श्रेय मात्र प्रणालीला जाते.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. बेतेय श्रीपुरममध्ये राहिले, गॉफ पंचवीस वर्षांनी परत आल्या, फुलर आणि नरसिंहन यांनी एका गावाचा माग थेट अमेरिकेपर्यंत घेतला. असे संथ काम आज आपल्या विद्यापीठांत दुर्मीळ होत चालले आहे. कंपन्यांजवळ आपल्या प्रत्येक स्पर्शाची नोंद आहे, पण ती नोंद आपल्यापैकी कोणी विकत घ्यावे यासाठी ठेवलेली असते. कोण वगळले गेले, हे तीत उमटत नाही. जो आत आलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? स्वामिमलैच्या मूर्तिकाराला किंवा तिरुभुवनमच्या रेशीम विणकराला फोनमुळे गिऱ्हाईक मिळाले, हे कळणे सोपे आहे. व्यापाऱ्याशी भाव ठरविताना त्याचा आवाज वाढला का, हे कळण्यासाठी मागाशेजारी काही महिने बसावे लागते. पैठण-येवल्याच्या मागांबाबत किंवा विदर्भातील कापूस उत्पादकाच्या फोनवर येणाऱ्या बाजारभावांबाबत असे काम आपल्या किती विद्यापीठांनी हाती घेतले आहे?

रामानुजन यांचे पत्र पोहोचले, कारण ते पोहोचावे म्हणून झटणारी माणसे होती, आणि ती माणसे त्यांना भेटू शकतील अशा समाजात ते राहत होते. एकशे बारा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पत्र पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. ज्याची कोणाशी ओळख नाही, अशा माणसाचे पत्र उघडण्याची जबाबदारी कोणाची, हे अजून ठरलेले नाही. लोकशाहीत तिचा पहिला भार शासनावर येतो, आणि राज्याच्या प्रत्येक डिजिटल योजनेची परीक्षा या एका कसोटीवर घेतली गेली पाहिजे.